लीडरशिप शिकवणारं घर आधी काय करत होतं? कार्नेगींची गोष्ट

नमस्कार मंडळी.

लीडरशिपचा कोर्स विकणाऱ्या कुठल्याही कंपनीचं माहितीपत्रक उघडा. पहिल्याच पानावर संस्थापकांचा फोटो असतो, शेजारी पत्नीचा आणि बऱ्याचदा मुलाचा किंवा सुनेचाही. खाली ओळख लिहिलेली असते: प्रेरणादायी वक्ते, लाइफ कोच, हजारोंचं आयुष्य घडवणारे. सगळं असतं, पण एक गोष्ट शोधावी लागते. ही माणसं शिकवायला लागण्याआधी पोटापाण्यासाठी काय करत होती?

मला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो. तालुक्याच्या गावातली मुलं पदरचे पैसे मोडून असे कोर्स करतात. त्यांना हे विचारायचा हक्क आहे आणि विचारताना संकोच वाटायचं काही कारण नाही. म्हणून आज एक घर नीट बघू. या धंद्यातल्या सगळ्यांत जुन्या नावांपैकी एक, कार्नेगी.

(स्क्रीनवर: अमेरिकेचा नकाशा, मिझुरी राज्य)

डेल कार्नेगी, जन्म 1888, मिझुरीतलं मेरीव्हिल. घर शेतकऱ्याचं. नदीला पूर आला की पीक जायचं, साथ आली की डुकरं मरायची, आणि कर्ज वर्षानुवर्षं डोक्यावर. आई शिक्षिका होती, देवभोळी होती, आणि मुलानं चारचौघांत उभं राहून बोलावं असं तिला फार वाटायचं. मुलगा वॉरेन्सबर्गच्या शिक्षक महाविद्यालयात गेला. तिथं राहायचा-जेवायचा खर्च परवडत नव्हता, म्हणून घरून घोड्यावर जाऊन-येऊन शिकला. वक्तृत्व स्पर्धांत आधी हरला, मग जिंकायला लागला, आणि मग इतर मुलं त्याच्याकडे शिकायला येऊ लागली.

आता नोकरी. पहिली नोकरी घरबसल्या शिकण्याचे टपाली अभ्यासक्रम विकण्याची, तेही नेब्रास्कातल्या पशुपालकांना. ती काही जमली नाही. दुसरी आर्मर अँड कंपनीत, खारवलेलं मांस, साबण आणि चरबी विकण्याची. इथं मात्र हा माणूस चमकला. कंपनीच्या विक्रीच्या तक्त्यात त्याच्याकडे दिलेला, विक्रीत मागे पडलेला भाग वर आला. पाचेकशे डॉलर गाठीला बांधले आणि 1911 मध्ये नोकरी सोडून तो न्यूयॉर्कला नाटक शिकायला गेला. एका सर्कशीवरच्या नाटकात डॉक्टरची भूमिका केली, गावोगाव दौरा केला आणि आपण काही मोठे नट होणार नाही हे ओळखलं. मग पॅकार्डचे ट्रक विकले. ते काम त्याला मनापासून आवडत नव्हतं, राहायची खोली झुरळांनी भरलेली होती, आणि पुढे त्यानं हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं.

म्हणजे बघा, मॅनेजर कधी नव्हता. एखादा कारखाना किंवा बँक चालवलेली नव्हती. त्याच्याकडे होती फिरती विक्री, थोडा रंगमंच आणि कॉलेजातली वक्तृत्वाची उमेदवारी.

आता माझ्या दृष्टीनं या घराच्या इतिहासातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग. 1912, न्यूयॉर्क, 125व्या रस्त्यावरचं वायएमसीए, म्हणजे तरुणांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेचं केंद्र. कार्नेगी तिथं रात्रीचा भाषणकलेचा वर्ग मागायला गेले. रात्रीला दोन डॉलर मागितले. संस्था म्हणाली, एवढे देणार नाही, फायदा झाला तर त्यातला वाटा घ्या. त्यांनी मान्य केलं.

आता हा व्यवहार काय आहे ते लक्षात घ्या. वर्गात येणारे दिवसभर काम करून दमलेले लोक. कोणी सेल्समन, कोणी दुकानदार, कोणी ऑफिसातला कारकून. फी एकरकमी नव्हती, हप्त्याहप्त्यानं द्यायची. उपयोग वाटला नाही तर माणूस पुढच्या आठवड्यात येणार नाही, त्याचा हप्ता बुडाला आणि मास्तरांचा वाटाही बुडाला. सुरुवातीच्याच एका वर्गात कार्नेगींकडचं सांगायचं संपलं. वेळ शिल्लक होता. त्यांनी समोरच्यालाच उभं केलं आणि म्हणाले, तुम्हाला कशाचा राग येतो ते सांगा. आणि तो माणूस बोलला! भीती विसरून बोलला, कारण राग खरा होता. मग दुसरा उठला, मग तिसरा. पुढे हीच पद्धत झाली: मास्तरांनी कमी बोलायचं, प्रत्येकानं प्रत्येक वेळी उभं राहून आपल्याच अनुभवावर बोलायचं. ज्याला संस्थेनं दोन डॉलर नाकारले होते, त्याच माणसाला काही वर्षांतच रात्रीचे तीस डॉलर मिळू लागले.

हे कुठल्याही विद्यापीठातून येत नाही. ज्यानं दारोदार माल विकलाय त्यालाच कळतं की समोरच्याचा चेहरा पडला की आपलं बोलणं बदलायचं. 1936 साली आलेलं त्यांचं पुस्तक, 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल', हेही असंच घडलं. एका प्रकाशन संस्थेतले लिऑन शिमकिन त्यांच्या कोर्सला आले होते, त्यांनी आग्रह धरला. म्हणजे पुस्तक वर्गातून आलं, पुस्तकातून वर्ग नाही.

एक गोष्ट मात्र खटकते, तीही सांगतो. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव कार्नागी. 1920 च्या आसपास त्यांनी ते बदलून पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी लिहायचे तसं केलं. दोघांचं नातंगोतं काही नव्हतं. कायद्यानं त्यात गैर नाही, पण ज्याची खरी पुंजी एवढी भक्कम होती त्यानं दुसऱ्याच्या नावाची सावली घ्यायला नको होती असं मला वाटतं. आजही कुणाच्या ओळखीत मोठ्या घराण्याचं नाव दिसलं की नातं खरंच आहे का हे बघून घ्या.

(स्क्रीनवर: 1944, तुल्सा)

आता घरातली दुसरी व्यक्ती, डोरोथी. माझ्या मते या कंपनीत सगळ्यांत कमी बोललं गेलेलं नाव. ओक्लाहोमातल्या तुल्सा शहरात त्या राहायच्या. पहिल्या लग्नातली एक मुलगी, रोझमेरी. तुल्सातच त्यांनी कार्नेगींचा कोर्स केला, विद्यार्थी म्हणून, बाकावर बसून. पुढे न्यूयॉर्कला येऊन त्या कार्नेगींच्या सेक्रेटरी झाल्या आणि 1944 मध्ये दोघांचं लग्न झालं.

1955 च्या नोव्हेंबरात कार्नेगी गेले. त्यांची मुलगी डोना तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. अशा वेळी भल्याभल्या कंपन्या बसतात, कारण विकला जात असतो तो माणूस, त्याचा आवाज, त्याचा चेहरा. इथं कंपनीची सूत्रं आली एका माजी सेक्रेटरीच्या हातात. आणि कंपनी टिकली, वाढली. डोरोथीबाई 1998 मध्ये, वयाच्या 85व्या वर्षी गेल्या.

हे का जमलं? मला वाटतं, त्यांच्या आधीच्या कामामुळेच. सेक्रेटरीला माहीत असतं की कुठला कागद कुठं आहे, कुठल्या गावच्या शाखेनं काय कळवलंय, कुणाला काय शब्द दिलाय. आणि कोर्स स्वतः केल्यामुळे तो घेणाऱ्याला काय वाटतं हेही माहीत होतं. 1981 मध्ये त्या 1936 च्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली, जुनी झालेली उदाहरणं काढली गेली, त्यामागेही डोरोथीबाई होत्या. वर्ग कार्नेगींनी उभा केला हे खरंच, पण त्यांच्याशिवाय तो चालेल अशी कंपनी या बाईंनी चालवून दाखवली.

पुढची पिढी थोडक्यात: रोझमेरीचे पती ओलिव्हर क्रॉम कंपनीचे अध्यक्ष झाले, त्यांचा मुलगा मायकेल वरच्या पदावर आला. म्हणजे वारसा जावयाकडे गेला.

आता कुणी म्हणेल, मोठ्या पदव्या असलेली घरं नाहीत का? आहेत. लीडरशिपवर पुस्तकं लिहिणारे आणि कोर्स चालवणारे स्टीफन कव्ही हार्वर्डचे एमबीए, युटातल्या ब्रिगम यंग विद्यापीठात प्राध्यापक. त्यांचा मुलगा स्टीफन एम. आर. हाही हार्वर्डचा एमबीए, पण तो वडिलांच्या कंपनीचा प्रमुख होण्याआधी बाहेर बांधकाम-जमिनीच्या धंद्यात काम करून आला. दुसरा मुलगा शॉन, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल ठरवणारा खेळाडू. या घरातलं मला आवडतं ते हेच, की मुलांना बाहेरचं मैदान बघायला मिळालं.

आणि आता मुंबई. भारतात कार्नेगींचा कोर्स कोण चालवतं? वालचंद पीपलफर्स्ट नावाची कंपनी, कचेरी बॅलार्ड इस्टेटमध्ये. नाव ओळखीचं वाटलं ना? सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद, तेच घराणं. वालचंदशेठनी सुरुवात केली रेल्वेच्या ठेकेदारीत, लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. त्यानंतर सिंधिया जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना, प्रीमियर मोटारी आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. अशा घराण्यातल्या पल्लवी झा या कंपनीच्या अध्यक्ष आहेत. त्यांचे पती संजय झा यांना तुम्ही काँग्रेसचे माजी प्रवक्ते म्हणून टीव्हीवर पाहिलं असेल. त्याआधी ते बँकिंगमध्ये होते, मग क्रिकेटनेक्स्ट ही क्रिकेटची वेबसाइट त्यांनी सुरू केली.

इथंही तोच प्रश्न विचारा. वालचंदशेठनी आगबोटी चालवल्या म्हणून आजचा वर्ग चांगला होत नाही. तुमच्या शहरात, तुमच्या बॅचला समोर उभा राहणारा प्रशिक्षक कोण आहे, त्यानं काय केलंय, हे विचारा. कुठल्याही कंपनीला विचारा.

अमेरिकेतले प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे 1951 च्या सुमारास ओमाहात कार्नेगींच्या कोर्सला गेले, शंभर डॉलर भरून. बोलायची त्यांना फार भीती वाटायची. त्यांच्या कचेरीत विद्यापीठाची पदवी भिंतीवर नाही, या कोर्सचं प्रमाणपत्र आहे. त्यांना तिथं दर आठवड्याला उभं राहून बोलावं लागलं होतं.

म्हणून फी भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: शिकवणाऱ्यानं याआधी कुठं आणि किती वर्षं काम केलं, आणि पूर्ण कोर्समध्ये मी स्वतः किती मिनिटं उभा राहून बोलणार आहे? दुसऱ्या प्रश्नाला काउंटरवर उत्तर आलं नाही तर पैसे खिशातच ठेवा. तुम्ही असा कोर्स केला असेल तर या दोन्हींची उत्तरं खाली कॉमेंटमध्ये लिहा. वाचणाऱ्या पुढच्या मुलाला ती माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडतील.