परतवाड्याचा 'कॅम्प'

(दृश्य: सकाळ. सागवानाच्या लाकडांनी भरलेला ट्रक, मागे सातपुड्याची रांग.)

अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालेली गाडी परतवाड्यात चहाला थांबतेच. सागवानाचं गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक. पण इथल्या पत्त्यांवर 'अचलपूर कॅम्प' लिहितात, तो कॅम्प कोणाचा?

हैदराबाद कंटिन्जंटचा. फौज निजामाच्या नावाची, अंमलदार इंग्रज. तिच्या खर्चाची थकबाकी फुगली, तेव्हा १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे लावून दिला. म्हणजे छावणी पोसली ती आपल्याच शेतसाऱ्याने. या भिंतींवर हक्क सांगायला तेवढं पुरे!

(दृश्य: उंच जोतं, रुंद व्हरांडा, कवेलूंचं छप्पर.)

त्या काळची छावणीची बांधणी नीट पाहा. पाया मुरमापर्यंत खाली, कारण काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते. भिंत जाड, चुन्यात बांधलेली. भोवती व्हरांडा, म्हणजे मे महिन्याचं ऊन भिंतीला शिवतच नाही. छताजवळचे झरोके गरम हवा बाहेर सोडतात.

यामागे मरणाचा हिशेब होता. हिंदुस्थानातले गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ मरत होते, तेही बहुतेक आजारानं. १८६३च्या शाही आयोगाने हे मांडलं आणि बराकींच्या नकाशांत हवा, उंची, माणसामागे जागा यांची मापं आली.

ती मापं गोऱ्यांसाठी. देशी शिपायाला 'लाइनी'त जागा मिळे, झोपडीसाठी थोडे पैसे. गावाकडे घर बांधतात तसंच तो बांधी: माती, बांबू, वर गवत. पलटण उठली की चार-दोन पावसाळ्यांत सगळं मातीत. म्हणून जतन करायला गेलं की साहेबाचा बंगला सापडतो, शिपायाचं घर सापडत नाही.

१९०३मध्ये कंटिन्जंट इंग्रजांच्या हिंदी फौजेत मिसळली.

(दृश्य: पोपडे सुटलेली भिंत, जवळून.)

अशा इमारतींना पाऊस पुरून उरत नाही, सिमेंट उरतं. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, विटेचा भुगा होतो. तिथे चुनाच हवा, नीट मुरवलेला.

आणि छप्पर. पावसाळ्याआधी कवेलू फेरणारी माणसं आता मिळत नाहीत, म्हणून लोक टिन टाकतात. टिनाखाली झरोके बुजतात. मग त्याच जाड भिंतींच्या खोलीत कूलर लागतो.