चार-चार कार्डं

मित्रहो, दादांवर बोलशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो होतो. स्मृतिसभेत माणूस फार गुळगुळीत होऊन जातो, आणि दादा तसे नव्हते. वेळेच्या बाबतीत तर आनंदच होता. त्यांना वाचायला दिलेला मसुदा तीन-तीन महिने परत यायचा नाही. आला, की शेवटच्या तक्त्यातली शेवटची बेरीजसुद्धा त्यांनी हातानं करून पाहिलेली असायची.

मी विभागात आलो तेव्हा संख्याशास्त्राची सूत्रं मला तोंडपाठ होती, आणि तेवढीच होती. पहिल्याच आठवड्यात दादांनी माझ्यापुढे एक खोका ठेवला. आत ३०० कार्डं, प्रत्येकावर एका माणसाची उंची. म्हणाले, "पिस, चार-चार काढ, सरासरी लिही. खोका संपेपर्यंत." मला राग आला. शेजारी संगणक होता की! दोन दुपारी पत्ते पिसत बसलो. ७५ सरासऱ्या झाल्या. मूळ उंचींचा जेवढा पसारा, त्याच्या साधारण निम्मा या सरासऱ्यांचा. सूत्र हेच सांगतं, चारच्या सरासरीचा पसारा मूळ पसाऱ्याला चारच्या वर्गमूळानं, म्हणजे दोननं, भागून येतो. पण नंतर त्यांनी प्रत्येक चौकडीवरून प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, काढायला लावलं, तेव्हा मी गप्प झालो. एक आकडा केवढासा, तर पुढचा त्याच्या तिप्पट. ज्या मोजपट्टीवर मी डोळे मिटून विसंबत होतो, तीच डळमळत होती.

मग गॉसेटची गोष्ट. गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत काम करणारा हा माणूस. त्यानं ३००० कैद्यांच्या उंचीची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीची मापं कार्डांवर लिहिली, ती पिसली आणि चार-चारचे ७५० नमुने करून, इतक्या लहान नमुन्यावर किती विसंबायचं याचं आपलं गणित पडताळलं. १९०८ साली निबंध छापला तो 'स्टुडंट' या टोपणनावानं, कारण कंपनी स्वतःच्या नावानं छापू देत नव्हती. सरासऱ्यांमधला फरक खरा की नुसता योगायोगाचा, हे तपासायला आज सगळे वापरतात ती टी-चाचणी या निबंधातून आली. ते टोपणनाव दादांना फार आवडायचं. जरा जास्तच, असं माझं मत.

कारण स्वतःचं नावही ते असंच खोडायचे. मसुद्याची निम्मी मांडणी त्यांची असायची, पण लेखकांच्या यादीत नाव घातलं की लाल रेघ. "वाचलं म्हणजे लिहिलं नाही." यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलं. त्यांची बढती मागे पडली त्याला हेही एक कारण होतं, आणि त्याचा फायदा आम्हीच घेतला. ते बरोबर होते असं मला आजही वाटत नाही.

एक प्रसंग सांगतो, तो आजवर कुणाला सांगितलेला नाही. एका सर्वेक्षणाचा अहवाल दुसऱ्या दिवशी मांडायचा होता. संध्याकाळी दादा माझ्या टेबलाशी आले, कागद चाळला आणि म्हणाले, "नव्व्याण्णव वर्षांची एवढी माणसं, आणि अठ्ठ्याण्णवचं एकही नाही. गंमत आहे, नाही?" माझ्या पोटात गोळा आला. ज्यांचं वय माहीत नव्हतं त्यांच्यापुढे ९९ लिहायची पद्धत होती, आणि मी ते वय समजून सरासरीत धरलं होतं. मध्यरात्रीपर्यंत सगळे तक्ते आम्ही नव्यानं केले. सकाळी बैठकीत कुणीतरी विचारलं, आकडे का बदलले? दादा म्हणाले, "आमच्याकडून एक चूक राहिली होती, ती काढली." आमच्याकडून! त्या चुकीत त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

तो खोका आता माझ्याकडे आहे. कार्डांच्या कडा मऊ पडल्यात, आणि अक्षरं किमान पाच जणांची आहेत. ज्याच्या हातून कार्ड हरवेल त्यानंच ते नव्यानं लिहून भरायचं, हा दादांचा नियम. त्यातली दोन माझ्या हातची आहेत. विभागात नव्यानं आलेल्या मुलीला मागच्या महिन्यात खोका दिला. दोन दिवसांनी ती रागारागानं परत घेऊन आली, म्हणाली, "सर, एक कमी भरतंय." मी तिला कोरं कार्ड दिलं.