सुटकेस ठेवायची कुठे? ल माँच्या नियमांची आणि पळवाटांची गोष्ट

नमस्कार मंडळी!

1998 साल. फ्रान्समधलं ल माँ. 24 तासांच्या शर्यतीसाठी टोयोटानं नवी गाडी आणलीय, नाव जीटी-वन. ज्या गटात ती उतरणार, त्याचा नियम असा की गाडी मुळात रस्त्यावर चालवता येण्याजोगी हवी. आणि रस्त्यावरची गाडी म्हटली की सामानाला जागा आलीच. ठरलेल्या मापाची एक सुटकेस तिच्यात मावली पाहिजे. आता या गाडीत ड्रायव्हरच जेमतेम मावतो, सुटकेस कुठे कोंबणार? टोयोटावाले म्हणाले, आहे की जागा! पेट्रोलची टाकी. रिकामी असताना तिच्यात सुटकेस बसू शकते.

आणि अधिकाऱ्यांनी हे चक्क मान्य केलं.

(पडद्यावर: जीटी-वनचा बाजूनं घेतलेला फोटो)

त्या वर्षी जिंकली पोर्श, ती गोष्ट वेगळी. पण स्पोर्ट्स कार रेसिंग म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी आधी हा टाकीचा किस्सा सांगतो. फॉर्म्युला वनची गाडी शर्यतीसाठीच जन्माला येते, तिच्याबद्दल कुणाला काही शंका नसते. स्पोर्ट्स कार मात्र कायम आव आणत आली की मी तुमच्या-आमच्या गाडीची नातेवाईक आहे. ते नातं किती खरं, किती कागदोपत्री, यावरच शंभर वर्षं खेळ चाललाय. एका बाजूला नियम लिहिणारे, दुसऱ्या बाजूला त्याच नियमातल्या शब्दांवर बोट ठेवणारे इंजिनिअर.

सुरुवातीला नातं अगदी खरं होतं बरं का. 26 मे 1923 ला पहिली शर्यत सुटली तेव्हा 33 गाड्या होत्या, त्याही लोक विकत घेत असत तशाच. आयोजकांना बघायचं होतं की गाडी टिकते का, रात्री दिवे नीट चालतात का. पाऊस, गारा, चिखल, सगळं झालं. शेनार-ए-वाल्कर नावाच्या फ्रेंच गाडीनं सगळ्यात जास्त अंतर कापलं, लागाश आणि लेओनार हे दोघं चालवत होते. गंमत म्हणजे त्या वर्षी अधिकृत विजेताच नव्हता! चषक तीन वर्षांच्या कामगिरीवर मिळायचा होता. पुढच्या वर्षांत नियम आला की ड्रायव्हरनं थांबून गाडीचं कापडी छत स्वतः उभारायचं आणि ठरावीक फेऱ्या तसंच पळायचं. का? तर गिऱ्हाईकाला पावसात जे करावं लागतं ते कंपनीच्या माणसालाही करता आलं पाहिजे. किती साधा, सरळ विचार!

हा साधेपणा फार टिकला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांच्या संघांचा आणि पगारी ड्रायव्हरांचा जोर वाढला, आणि वेग असा वाढला की रस्ता तोच राहिला, गाड्या मात्र त्याला पेलवेनाशा झाल्या. 11 जून 1955 ला पिटसमोर, म्हणजे गाड्या इंधन-टायरसाठी थांबतात त्या जागेसमोर, मर्सिडीज 300 एसएलआर पुढच्या गाडीवर चढून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ड्रायव्हर पिएर लवेग आणि 80 हून जास्त प्रेक्षक गेले. शर्यत तरीही चालू ठेवली. सगळे प्रेक्षक एकदम बाहेर पडले असते तर रुग्णवाहिकांचे रस्ते तुंबले असते, असं कारण नंतर देण्यात आलं. मर्सिडीजनं मध्यरात्रीनंतर उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. स्वित्झर्लंडनं तर सर्किटवरच्या शर्यतींवर बंदीच घातली, ती अनेक दशकं टिकली.

आता 1966 बद्दल थोडक्यात, कारण फोर्ड विरुद्ध फेरारी हे प्रकरण बहुतेकांना माहीत आहे. मला त्यातला फक्त शेवट हवाय. फोर्डच्या तीन गाड्या पुढे, फेरारीला केव्हाच पाणी पाजलेलं, आणि वरून हुकूम येतो की सगळ्यांनी ओळीत या, फोटो छान येईल. सगळ्यात पुढे असलेला फोर्डचा ड्रायव्हर केन माइल्स वेग कमी करतो. दोन गाड्या जवळजवळ जोडीनं रेषा ओलांडतात. आणि मग कुणीतरी नियम काढतं: ल माँत जिंकते ती 24 तासांत जास्त अंतर कापणारी गाडी. मॅक्लारेन आणि एमन यांची दुसरी फोर्ड सुरुवातीला वीसेक मीटर मागे उभी होती. म्हणजे तिनं वीस मीटर जास्त कापले. झालं! माइल्सच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणी घेताना तो वारला.

(कॅमेरा जवळ)

आता येतो माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे.

1968 पासून नियम केला गेला की निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्या प्रोटोटाइपला 3 लिटरपर्यंतच इंजिन मिळेल. मोठं, 5 लिटरपर्यंतचं इंजिन हवं असेल तर गाडी ‘उत्पादनातली’ हवी, म्हणजे निदान 50 गाड्या बनवलेल्या हव्यात. पुढे तो आकडा 25 वर आणला. नियम करणाऱ्यांचा हिशेब असा, की 25 अस्सल शर्यतीच्या गाड्या बांधायचा वेडेपणा कोण करणार?

श्टुटगार्टमध्ये एक माणूस होता, फर्डिनांड पिएख. पोर्शच्या संस्थापकाचा नातू, नुकता तिशी ओलांडलेला. त्यानं ठरवलं, आपण करू. गाडीचं नाव 917, मागे 12 सिलिंडरचं साडेचार लिटरचं इंजिन. मार्च 1969 मध्ये तपासनीस आले तेव्हा मोजक्याच गाड्या पूर्ण होत्या, बाकीच्या अर्धवट आणि सुट्या भागांत. पोर्शवाले म्हणाले, भाग तर आहेत ना! तपासनीस म्हणाले, जोडून दाखवा. मग कारखान्यात नुसती धांदल. मेकॅनिक कमी पडले तेव्हा ऑफिसातली माणसं, शिकाऊ पोरं, हाताशी येईल तो कामाला लागला. 21 एप्रिलला अंगणात 25 गाड्या एका रांगेत उभ्या! पिएखनं पाहुण्यांना सांगितलं, कुठलीही निवडा आणि चालवून बघा. त्यांनी नम्रपणे नकार दिला. दिला ते बरंच झालं, कारण घाईत जोडलेल्या त्या गाड्या पुढे शर्यतीसाठी पुन्हा खोलून नीट बांधाव्या लागल्या.

कागदावर जिंकले, पण रस्त्यावर? 917 सरळ रेषेत सरळ जाईना. मागचा भाग हवेत हलका व्हायचा आणि भले भले ड्रायव्हर तिच्यात बसायला तयार नसायचे. त्याच जूनमध्ये ल माँला एका खासगी ड्रायव्हरचा, जॉन वुल्फचा, 917 मध्ये पहिल्याच फेरीत मृत्यू झाला. त्याचा पट्टा लावलेला नव्हता.

पट्ट्याचं कारणही नियमातच होतं. तेव्हा ड्रायव्हर रस्त्याच्या एका बाजूला उभे राहायचे, झेंडा पडला की धावत जाऊन गाडीत उडी मारायचे आणि सुटायचे. पट्टा बांधत बसायला वेळ कुणाला? त्या दिवशी जॅकी इक्स हा बेल्जियन पोरगा, वय 24, धावला नाही. शांतपणे चालत गेला, बसला, पट्टा बांधला आणि सगळ्यांच्या मागून निघाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जुन्या फोर्ड जीटी40 नं, इक्स आणि जॅकी ऑलिव्हर यांच्या हातून, पोर्शला सुमारे 120 मीटरनी हरवलं. 24 तासांनंतर 120 मीटर! पुढच्या वर्षापासून धावत जाणं बंद. ड्रायव्हर पट्टा लावून गाडीतच बसलेले असायचे.

आणि 917 चं काय झालं? ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियात चाचणी चालली होती. पोर्शसाठी 917 चालवणार असलेल्या जॉन वायरच्या संघातले इंजिनिअर जॉन हॉर्समन यांचं लक्ष गेलं ते चिलटांकडे. गाडीच्या अंगावर सगळीकडे मेलेली चिलटं चिकटलेली, पण मागच्या स्पॉइलरवर, म्हणजे वाऱ्याच्या जोरानं गाडी खाली दाबणाऱ्या पट्टीवर, एकही नाही. म्हणजे वारा तिथवर पोचतच नव्हता! लगेच ॲल्युमिनिअमचे पत्रे आणले, कापले, टेपनं चिकटवून शेपूट वर उचललं. गाडी शहाण्यासारखी पळायला लागली. 1970 मध्ये हरमन आणि ॲटवूड यांनी पोर्शला ल माँचा पहिला विजय मिळवून दिला. 1971 मध्ये मार्को आणि व्हान लेनेप यांनी 5335 किलोमीटर कापले, तो विक्रम 2010 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. आणि 1972 पासून मोठ्या इंजिनांचा तो गटच बंद. पोर्शनं काय करावं? गाडी उचलली आणि अमेरिकेत कॅन-ॲम मालिकेत नेली, जिथं नियम जवळपास नव्हतेच. टर्बो लावून हजाराच्या वर हॉर्सपॉवर काढली आणि तिथल्या सगळ्यांना घरी बसवलं.

आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ॲव्हरेज किती देते? 1982 मध्ये ग्रुप सी आला आणि त्यानं हाच प्रश्न शर्यतीत आणला. इंजिन हवं ते बसवा, पण टाकी 100 लिटरची आणि 1000 किलोमीटरला इंधन 600 लिटर. म्हणजे लिटरला पावणेदोन किलोमीटरसुद्धा नाही, पण त्या वेगाला तेवढंही काढणं म्हणजे नाकी नऊ. मला स्वतःला हा आजवरचा सगळ्यात शहाणा नियम वाटतो, कारण त्यानं इंजिन कसं असावं हे सांगितलंच नाही. पोर्श 956 नं पहिल्याच वर्षी ल माँला पहिले तिन्ही क्रमांक घेतले. 1, 2, 3 नंबरच्या गाड्या, त्याच क्रमानं!

1991 ची माझदा याच काळाच्या शेवटची. 787बी, नंबर 55, हिरवी-केशरी, रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी गोल फिरणारे भाग असलेलं), आवाज असा की कानाला हात लावावा. तिची खरी ताकद पुन्हा कागदावर होती. बड्या प्रतिस्पर्ध्यांना 1000 किलो वजन बंधनकारक, माझदानं मात्र खटपट करून 830 किलोची सवलत मिळवलेली. पुढे असलेली मर्सिडीज शेवटच्या तासांत बंद पडली आणि माझदा जिंकली. मागे दुसरी, तिसरी, चौथी जॅग्वार. हो, तीच जॅग्वार, जी 2008 पासून आपल्या मुंबईच्या टाटांकडे आहे. शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट उतरल्यावर कोसळला, व्यासपीठावर पोचलाच नाही. आणि एक गैरसमज दूर करतो: माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. साडेतीन लिटरच्या इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता. त्या नियमानं रोटरीच काय, स्पोर्ट्स कारची अख्खी जागतिक मालिका बुडवली. फॉर्म्युला वनसारखी महागडी इंजिनं कुणाला परवडणार? 1992 मध्ये ल माँला 28 गाड्या सुटल्या, आणि वर्षअखेर मालिका गुंडाळली.

मग पुन्हा रस्त्यावरच्या गाड्यांना बोलावणं. 1994 मध्ये पोर्शनं काय केलं माहितीय? आपली जुनी ग्रुप सी गाडी, 962, डाउअर या बांधणाऱ्याकडून रस्त्यावर चालण्याजोगी करून घेतली, तिला रीतसर परवाना मिळवला आणि म्हणाले, ही घ्या, रस्त्यावरची गाडी! जिंकलीही. टोयोटाची सुटकेस याच पंक्तीतली. या स्पर्धेचा कडेलोट 1999 मध्ये झाला. मर्सिडीज सीएलआर एकाच आठवड्यात तीनदा हवेत उडाली, शेवटच्या वेळी शर्यत चालू असताना, थेट झाडांत. आत होता पीटर डम्ब्रेक. तो वाचला. पुढे 2012 मध्ये ल माँला एका गाडीत तीन ड्रायव्हर होते: डेव्हिड ब्रॅबम, हाच डम्ब्रेक आणि आपला चेन्नईचा करुण चंडोक. सहावे आले.

ऑडीची वर्षं मी भरभर सांगतो, कारण 2000 ते 2014 मधल्या 13 विजयांत थरार कमी, शिस्त जास्त. 2006 ला डिझेलवर जिंकले, एवढं लक्षात ठेवा.

2016 मात्र विसरता येत नाही. टोयोटा पुढे, तीनेक मिनिटं उरलेली, आणि नाकाजिमाच्या गाडीची ताकदच गेली. पिटसमोर थांबली. पोर्श बाजूनं निघून गेली. त्यानं कशीबशी गाडी पुन्हा सुरू करून फेरी पूर्ण केली, पण शेवटची फेरी 6 मिनिटांत झाली पाहिजे असा नियम! त्याला जवळपास 12 लागली. म्हणजे दुसरा क्रमांकही नाही, निकालात नावच नाही. टोयोटाला पहिला विजय मिळायला 2018 उजाडलं.

आजचा हायपरकार गट 2021 पासूनचा. इथं नियम करणाऱ्यांनी इंजिनिअरांशी भांडणंच सोडलं. तुम्ही वेगवान गाडी आणा, आम्ही तिला वजन वाढवून आणि ताकद कमी करून बाकीच्यांच्या बरोबरीला आणू. याला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात, बीओपी. यामुळेच इतक्या कंपन्या परत आल्या आणि 2023 मध्ये, ल माँच्या शताब्दीला, फेरारी 1965 नंतर पहिल्यांदा जिंकली. मला हे पूर्ण पटत नाही. पिएखसारखा माणूस आज काय करेल? त्याची डाळच शिजायची नाही.

अर्थात पळवाट शोधणारे हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. त्यांनी मोर्चा ड्रायव्हरकडे वळवलाय. ड्रायव्हरांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा श्रेणी असतात आणि रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या जीटी3 गटातल्या प्रत्येक गाडीत एक ब्राँझ, म्हणजे बहुतेक वेळा हौशी, पदरचे पैसे घालणारा माणूस लागतो. प्लॅटिनमवाले सगळे सारखेच वेगवान. शर्यत ठरते ती ब्राँझवर. त्यामुळे कागदावर ब्राँझ पण हाताला वेगवान असा माणूस सापडला, की त्याला सोन्याचा भाव.

आणि बीओपीबद्दल संघांनी जाहीरपणे तक्रार करायची नाही, हाही नियमच आहे. तेव्हा जूनमध्ये शर्यत बघाल तर हरलेल्या संघाची मुलाखत चुकवू नका. हवा, टायर, नशीब, सगळ्याला दोष देतील, आणि एका गोष्टीचं नाव तेवढं घेणार नाहीत.

तुमच्या मते सगळ्यात भारी पळवाट कुठली, टाकीतली सुटकेस की अंगणातल्या 25 गाड्या? खाली लिहा. भेटू!