कुमानोच्या वाटेवर एकटी

श्रोतेहो, नमस्कार. जपानी भाषा येत नसताना तिथल्या खेड्यापाड्यांतून एकटीने कसे हिंडलात, असे मला वारंवार विचारले जाते, म्हणून आज मी तिथल्या ‘की’ नावाच्या द्वीपकल्पातील एकाच वाटेविषयी, कुमानो कोदो या जुन्या यात्रामार्गाच्या नाकाहेची या शाखेविषयी बोलणार आहे. या वाटेवर आगगाडी, बस आणि स्वतःचे पाय या तिन्हींची पाळी येते.

ओसाकाहून समुद्राच्या कडेकडेने जाणारी ‘कुरोशिओ’ ही जलद गाडी दोन तासांहून थोड्या अधिक वेळात की-तानाबे या छोट्या शहरात उतरवते. डोंगरात रूळ जात नाहीत, त्यामुळे पुढे बस घ्यावी लागते. बसमध्ये मागच्या दाराने चढताना एक क्रमांकाची चिठ्ठी मिळते. चालकाच्या डोक्यावरील फलकावर त्या क्रमांकाखालचे भाडे थांब्यागणिक वाढत जाते, आणि उतरताना चिठ्ठी व पैसे पुढच्या पेटीत टाकायचे असतात. एक शब्दही न बोलता हा व्यवहार पार पडतो. मात्र खिशात सुटी नाणी आणि हजार येनच्या नोटा असाव्यात. दिवसाला मोजक्याच फेऱ्या होतात, आणि नोव्हेंबरात मी गेले तेव्हा पाचच्या आतच काळोख दाटत असे. एकटीने चालायचे तर वेळापत्रक कागदावर लिहून जवळ बाळगावे, असे मी आग्रहाने सांगेन.

बस ताकिजिरी-ओजीला सोडते. ओजी म्हणजे वाटेवरचे उपदेवस्थान. चढण तिथेच सुरू होते, तीही मुळांच्या आणि दगडांच्या पायऱ्यांची. इथून होंगू या कुमानोच्या तीर्थस्थानातील महामंदिरापर्यंत सुमारे 38 किलोमीटर अंतर आहे आणि दर पाचशे मीटरवर क्रमांकाचा खांब रोवलेला आहे. पहिला ताकिजिरीला, पंचाहत्तरावा होंगूला. चुकीच्या फाट्यावर ‘ही कुमानो कोदो नव्हे’ अशी पाटी असते. रानात दोन तास माणूस न दिसल्यावर पुढचा खांब नजरेस पडतो, तेव्हा कुणीतरी आपल्या आधी येऊन आपली काळजी वाहून गेले आहे, असे वाटते.

पहिला मुक्काम ताकाहारा या धुक्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात केला. घरगुती निवासात राहायचे तर आधी कळवावे लागते, आणि शाकाहारी माणसाने ते अधिक तपशिलाने कळवावे, कारण तिथल्या साध्या भाजीच्या रश्श्यातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. यजमान आजींनी माझ्यासाठी समुद्री शेवाळ आणि सुक्या अळंब्यांचे वेगळे पाणी काढले होते. सकाळी त्यांनी मेहारी-झुशी बांधून दिली: मोहरीच्या जातीच्या रुंद, खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा. रानात कामाला जाणाऱ्यांची ही जुनी शिदोरी आहे. आजींची मुले शहरात असतात. गावातली कित्येक घरे बंद आहेत, भातखाचरांपैकी काहींत गवत माजले आहे. या वाटेवर दिवसाची सहल करून परतणारेही पुष्कळ असतात, पण ज्यांना जमेल त्यांनी गावात रात्र काढावी, असे मला मनापासून वाटते.

आता जंगलाविषयी. वाटेवरचे सूचिपर्णी अरण्य पुरातन असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी लावलेल्या सुगी आणि हिनोकी वृक्षांचा आहे. एकाच वयाची झाडे ओळीने उभी असतात आणि तळाशी उजेड कमी पोहोचतो. त्यामुळेच चिकात्सुयु या गावाच्या पुढे त्सुगिझाकुरा-ओजीपाशी जे दिसते, त्याने पाय थबकतात. तिथले सुगी वृक्ष खरोखर प्राचीन आहेत, कवेत न मावणारे आहेत, आणि त्यांच्या फांद्या एकाच बाजूला, दक्षिणेकडे, नाची तीर्थाच्या दिशेने झुकलेल्या आहेत.

ही झाडे आज उभी आहेत, याचे मोठे श्रेय मिनाकाता कुमागुसु (1867–1941) या निसर्गशास्त्रज्ञाकडे जाते. लंडनमध्ये अनेक वर्षे अभ्यास करून परतल्यावर ते तानाबेला स्थायिक झाले. 1906 मध्ये सरकारने लहान देवस्थाने मोठ्या देवस्थानांत विलीन करण्याचे धोरण आणले आणि ओस पडलेल्या देवस्थानांची झाडे तोडून विकली जाऊ लागली. देवळाभोवतीचे रान गेले की तिथले शेवाळ, बुरशी, पक्षी, झरे आणि गावाची स्मृती हे सारेच जाते, असे कुमागुसु पत्रांतून आणि लेखांतून सांगत राहिले. ‘इकॉलॉजी’ हा शब्द त्यांनी त्या काळी जपानमध्ये वापरला. 1910 मध्ये या लढ्यापायी त्यांना कोठडीतही जावे लागले. त्सुगिझाकुराची सगळी झाडे वाचली नाहीत, पण ही मोजकी वाचली. कोकणातली देवराई ज्याने पाहिली आहे, त्याला या झाडांखालचा गारवा ओळखीचा वाटेल.

पुढे सप्टेंबर 2011 च्या चक्रीवादळात दरड कोसळल्यामुळे काढलेला वळणाचा रस्ता लागतो. तो पायांची परीक्षा पाहतो, एवढेच सांगते. होश्शिनमोन-ओजीनंतर मात्र वाट सौम्य होते, चहाचे मळे येतात, दारात पेटी ठेवून विकायला मांडलेली लिंबे आणि लोणची दिसतात, आणि मग फुशिओगामी-ओजी येते. इथून यात्रेकरूला होंगूचे प्रथम दर्शन होई आणि तो गुडघे टेकून दंडवत घाली. आपल्या वारीत वेळापूरला पंढरीचा कळस दिसला म्हणून तुकोबा धावत सुटले, अशी आठवण सांगतात, आणि वारकरी आजही तिथे धावतात. दोन्हीकडची ओढ एकच आहे.

याच ठिकाणी इझुमी शिकिबु या प्राचीन कवयित्रीची कथा सांगितली जाते. इतक्या दूर चालत आल्यावर तिची पाळी सुरू झाली आणि आता दर्शन नाही म्हणून तिने दुःखाची कविता लिहिली. रात्री स्वप्नात कुमानोच्या देवाने सांगितले, मला विटाळ नाही, तू ये. ही दंतकथा आहे, पण स्त्रियांना मज्जाव करणारी पवित्र स्थाने याच डोंगररांगांत असताना कुमानोने शतकानुशतके त्यांचे स्वागत केले, हा इतिहास आहे. तिची कथा सांगणाऱ्या पाटीसमोर मी बराच वेळ उभी राहिले.

होंगूचे मूळ मंदिर नदीच्या बेटावजा पुळणीवर, ओयुनोहारा इथे होते. 1889 च्या महापुरात त्यातील बराच भाग वाहून गेला आणि उरलेल्या वास्तू वरच्या टेकडीवर हलवल्या गेल्या. खाली आज सुमारे 34 मीटर उंचीचे तोरी, म्हणजे प्रवेशतोरण, आहे आणि त्याच्या आत मोकळी, झाडांनी वेढलेली जागा. पंचाहत्तरावा खांब गाठून मी तिथे गवतावर बसले, तेव्हा पायांखेरीज कशाचेच भान नव्हते.

संध्याकाळच्या बसने मी जवळच्या युनोमिनेला गेले. तिथे ओढ्याच्या पात्रात लाकडी खोपटाखाली त्सुबोयु नावाचे गरम पाण्याचे कुंड आहे, 2004 मध्ये जाहीर झालेल्या जागतिक वारशात समाविष्ट असलेले. ते इतके लहान आहे की एका वेळी फार तर दोघे-तिघे मावतात, म्हणून तिथेही क्रमांक देतात आणि प्रत्येक क्रमांकाला अर्धा तास मिळतो. माझ्यामागे एक कुटुंब थांबले होते. मी एकटी आहे, लवकर बाहेर येते, असे मी खुणेने सांगू लागले, तर खिडकीतल्या बाईंनी घड्याळावर बोट ठेवून अर्ध्या तासाची पूर्ण कमान मला दाखवली आणि दार लावून घ्यायला सांगितले.