डायोड बदलला की आवाज वाढला?

या, पुढे या. पहिली रांग रिकामी आणि शेवटची भरलेली, म्हणजे आपण पुण्यातच आहोत. शेवटच्या रांगेतून चहाला निसटता येतं, मला ठाऊक आहे; मीही तिथलाच माणूस. आयोजकांनी माझा परिचय इतका लांबवला की मध्येच मला शोकसभेला बसल्यासारखं वाटायला लागलं. असो.

'ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये कोणता डायोड घालावा' असा विषय पत्रिकेत छापलाय. त्याकडे येतोच. ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी, पायाने चालू-बंद करायची डबी. नमुना म्हणून समोर ठेवतो ते हिरवं, आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर. निश्शिन ओन्पा या जपानी कंपनीत सुसुमु तामुरा यांनी त्याचं सर्किट बसवलं. इथले निम्मे लोक ते वाजवतात आणि उरलेले त्याची नक्कल वाजवतात, तेव्हा ओळख पुरे. आत ४५५८ हा ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप, आणि त्याच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर आलेला सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेत, उलटसुलट जोडलेले दोन छोटे सिलिकॉन डायोड. ते सिग्नलचे शेंडे कापतात; यालाच क्लिप होणं म्हणतात. सगळी भक्ती या दोघांवर. ते काढा, जर्मेनियम घाला म्हणजे टोन 'उबदार' होतो. एलईडी घाला म्हणजे पेडल 'मोकळं' होतं. हे ऐकून ऐकून माझे कान क्लिप झालेत.

माझा एक मित्र ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपतीत आणि लग्नसराईत भेटत नाही, एरवी सोडत नाही. एकदा घरी आला, पेडल टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "लाल एलईडी टाकून घेतले रे. पेडल श्वास घ्यायला लागलंय." वाजवून दाखवलं. आवाज खरंच दणकून आला; वरच्या मजल्यावरच्या काकूंनीही तसं कळवलं. मी काय केलं, एक टॉगल स्विच बसवला. एका बाजूला मूळचे सिलिकॉन, दुसऱ्या बाजूला त्याचे एलईडी. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि खटके मारत राहिलो. दर वेळी बरोबर एलईडी ओळखायचा. स्वारी खूश. मग एलईडीच्या वेळी लेव्हलची, म्हणजे आवाज लहान-मोठा करायची, खुंटी गुपचूप मागे घेतली, दोन्हींचा आवाज कानाला सारखा होईपर्यंत. आता गडी अडखळला. शेवटी खुंटी आणखी थोडी मागे घेतली, तर सिलिकॉन ऐकून म्हणाला, "हा बघ, हाच तो श्वास!" खरं सांगितलं तर म्हणे, "तुझे कान इंजिनिअरचे आहेत." अहो, कान त्याचे होते! चहा न घेता गेला. एलईडी अजून आत आहेत, आणि श्वासही चालू आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. डायोड बदलला की सर्वात आधी बदलते ती उंबरठ्याची उंची. सिलिकॉन साधारण अर्ध्या व्होल्टच्या पुढे वाहू लागतो, लाल एलईडी दीड व्होल्टच्या आसपास. म्हणजे बाहेर येणारा सिग्नल जवळपास तिप्पट, ९ ते १० डेसिबल जास्त. एवढ्या फरकाला कान 'दुप्पट मोठा' म्हणतो, आणि मोठं ते चांगलं हा कानाचा जुना खोटेपणा आहे. जर्मेनियमचं उलट, त्याचा उंबरठा सिलिकॉनपेक्षाही खाली. आवाज बसतो, पेडल चेपल्यासारखं वाजतं, आणि आपण त्याला उबदार म्हणतो.

जर्मेनियमवरून आठवलं. बुधवार पेठेत एका दुकानात जर्मेनियम मागितला, तर मालकांनी न बघता पुडी बांधली. घरी येऊन मल्टिमीटर लावला: ०.६ व्होल्ट! शुद्ध सिलिकॉन, भाव मात्र जर्मेनियमचा. बरं, मीटरवर ०.२-०.३ आलं तरी तो शॉटकी डायोड, म्हणजे कमी उंबरठ्याचा दुसराच प्रकार, असू शकतो. म्हणून भिंग घ्या. जुन्या पॉइंट-कॉन्टॅक्ट डायोडच्या काचेत केसासारखी बारीक तार स्फटिकाला टेकलेली दिसते. आपल्याकडच्या जुन्या रेडिओत ओए-७९ असायचा, कॉलेजच्या लॅबमध्येही तोच. कुणाच्या माळ्यावर बंद पडलेला ट्रान्झिस्टर असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी मला... हो, हो, घड्याळ दिसलं. दहा मिनिटं? पाच? बरं.

भराभर सांगतो. ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड फीडबॅकमध्ये असल्यामुळे त्यांनी कापलं तरी मूळ सिग्नल एकपटीने वर चढूनच येतो, म्हणून बोटांचा जोर जाणवतो. बॉसच्या डीएस-१ किंवा रॅट या दुसऱ्या पेडलांत डायोड थेट ग्राउंडला जातात, तिथे कापणी सपाट. त्यामुळे एका पेडलमधला डायोडचा सल्ला दुसऱ्याला चालत नाही.

ड्राइव्ह, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ती खुंटी, शून्यावर असतानाही ट्यूब स्क्रीमर सुमारे बारा पट वाढवतो. ५१ किलोओहम भागिले ४.७, अधिक एक. गिटारचे १०० मिलिव्होल्ट धरले तर १.२ व्होल्ट. सिलिकॉन तिथेच कापायला लागतो, एलईडी जवळजवळ नाही. स्वच्छ बूस्ट हवा असेल तर एलईडी घाला, हे कारण मला पटतं. वाजवताना ते चमकतील म्हणून घालू नका. त्यांच्यातून जेमतेम वीसेक मायक्रोअँपिअर जातात, स्टेजच्या दिव्यांत काही दिसायचं नाही.

कापणीचं रूपच बदलायचं असेल तर दोन्ही बाजू असमान करा. एका दिशेला दोन डायोड, दुसऱ्या दिशेला एक. बॉसच्या एसडी-१ मध्ये हेच आहे. सम हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, चौपट वारंवारतेचे सूर, येतात, आणि हा फरक आवाज सारखा करूनही उरतो. आणि ज्यांना ट्यूब स्क्रीमरचा तो नाकातला सूर खटकतो, त्यांनी डायोडला हातच लावू नये. ते काम ४.७ किलोओहमच्या जोडीला बसलेल्या ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचं; ७२० हर्ट्झच्या खालचं त्या दोघांमुळे कमी वाढतं. कपॅसिटर ०.१ चा करा, खालचे सूर भरतील. त्याला डायोडपेक्षा फार जास्त पैसे पडत नाहीत.

सोल्डर करताना जर्मेनियमच्या पायाला क्रोकोडाइल क्लिप लावा, उष्णतेने तो मरतो. खरं तर सॉकेटच बसवा, म्हणजे डायोड नुसते खोचून बदलता येतील. टॉगलवालं पेडल बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवलंय. वाजवा, पण आधी लेव्हल जुळवा. आणि खटका दुसऱ्याला मारू द्या.