उभ्या रुग्णवाहिकेचा हिशेब

उपस्थित श्रोतेहो,

रुग्णवाहिका सेवेचे अंदाजपत्रक ज्यांच्या हाती असते, ते कधी ना कधी एक प्रश्न विचारतातच: ही गाडी दिवसातले इतके तास नुसती उभी का असते? प्रश्न रास्त आहे. प्रवासी बस उभी राहिली तर तोटा, मालट्रक उभा राहिला तर तोटा. मग चालक, प्रशिक्षित कर्मचारी आणि महागडी उपकरणे घेऊन थांबलेल्या गाडीचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा? मी गाडीवर आणि नियंत्रण कक्षात, अशा दोन्ही ठिकाणी काम केले आहे. आपत्कालीन वैद्यकीय सेवेची रचना समजून घ्यायची असेल, तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

रांगेचे गणित पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने मांडले ते टेलिफोनसाठी. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत पुढे अनेक वर्षे काम केलेल्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये त्यावर पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष रुग्णवाहिकेलाही जसाच्या तसा लागू पडतो. समजा, एका भागासाठी एकच गाडी आहे, एक काम उरकायला तिला सरासरी एक तास लागतो, कॉल केव्हाही येतात आणि कामाचा कालावधीही कमीजास्त होत राहतो. अशी गाडी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर नव्या रुग्णाला ती मोकळी होईपर्यंत सरासरी एक तास थांबावे लागते. गुंतलेपण ऐंशी टक्क्यांवर गेले, की हीच प्रतीक्षा चार तासांची होते आणि नव्वद टक्क्यांवर नऊ तासांची. गाड्यांची संख्या वाढवून त्या सामाईक वापरल्या तर आकडे पुष्कळ सुधारतात, परंतु प्रतीक्षेच्या आलेखाचा आकार तोच राहतो: बराच काळ सपाट आणि मग एकाएकी उभी चढण. जी सेवा आपल्या गाड्या ‘पूर्ण क्षमतेने’ वापरल्याचे अभिमानाने सांगते, ती त्या चढणीच्या पायथ्याशी येऊन ठेपलेली असते आणि तिच्या वार्षिक अहवालात याचा मागमूसही नसतो.

लंडनमध्ये १९३५ साली विम्पोल स्ट्रीटवर आग लागली, तेव्हा शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला. पण टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत त्याला ताटकळत बसावे लागले. त्या आगीत पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. या प्रकरणातून उठलेल्या चर्चेची परिणती १९३७ मध्ये ९९९ हा स्वतंत्र आपत्कालीन क्रमांक सुरू होण्यात झाली. म्हणजे आपत्कालीन क्रमांकाचा उगमही रांगेतच आहे. एका क्रमांकाने फोनची रांग हटवली; गाड्यांची रांग मात्र वेगळ्या उपायांनीच हटवावी लागते.

रुग्णाच्या नातेवाइकांना दिसतो तो फक्त रस्त्यावरचा वेळ. प्रत्यक्षात फोन उचलणे, पत्ता निश्चित करणे, प्रश्न विचारणे, गाडी ठरवणे, कर्मचाऱ्यांनी निघणे, प्रवास, उतरून रुग्णापर्यंत चालत जाणे, जागेवरचे उपचार, रुग्णालयापर्यंतचा प्रवास, रुग्ण सोपवणे आणि शेवटी गाडी धुऊन, ऑक्सिजन व औषधे पुन्हा भरून ‘मोकळे’ असे कळवणे, इतके टप्पे एका कामात येतात. सायरनने यांतले जे एक-दोन टप्पे आखूड होतात, त्यांवर आपण सर्वाधिक बोलतो. बंद फाटक, बिघडलेली लिफ्ट किंवा पाचव्या मजल्यावरचा चिंचोळा जिना यांत गेलेली मिनिटे बहुतेक ठिकाणी मोजलीच जात नाहीत, कारण गाडी दारात थांबली की घड्याळही थांबते.

मोजमाप चुकले की माणसे त्या मोजमापासाठी काम करू लागतात. इंग्लंडमध्ये अनेक वर्षे असे उद्दिष्ट होते, की जिवावरच्या कॉलपैकी पंचाहत्तर टक्के ठिकाणी आठ मिनिटांच्या आत कोणीतरी पोहोचले पाहिजे. तेव्हा घड्याळ थांबवण्यासाठी आधी एखादी मोटार किंवा मोटारसायकल धाडली जाई आणि रुग्णाला नेण्यास समर्थ असलेली गाडी मागाहून केव्हातरी येई. शिवाय आजार नेमका काय आहे हे कळण्याआधीच एकाच कॉलवर दोन-तीन गाड्या सोडून नंतर त्यांतल्या काही परत बोलावल्या जात. २०१७ मध्ये ही पद्धत बदलली. नियंत्रण कक्षाला प्रश्न विचारण्यासाठी अधिक वेळ मिळाला आणि कॉलचे चार वर्ग झाले: पहिल्या वर्गासाठी सरासरी सात मिनिटे, दुसऱ्यासाठी सरासरी अठरा मिनिटे, तिसऱ्यातील दहापैकी नऊ रुग्णांसाठी दोन तास आणि चौथ्यातील तितक्याच रुग्णांसाठी तीन तास. तीन तास हा आकडा ऐकून श्रोते दचकतात. परंतु कोणाला थांबता येईल हे उघडपणे ठरवल्याशिवाय ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी गाडी मोकळी राहत नाही. या उद्दिष्टांची पूर्तता पुढे सातत्याने झाली नाही, ही गोष्ट वेगळी. वर्गवारीमागचा विचार योग्य होता.

ही वर्गवारी करणारा माणूस रुग्णाला पाहू शकत नाही, आणि म्हणून नियंत्रण कक्षातले काम मला गाडीवरच्या कामाहून अवघड वाटते. समोरचा माणूस घाबरलेला असतो, पत्ता अर्धवट सांगतो, ‘आधी गाडी पाठवा’ एवढेच ओरडतो. जेफ क्लॉसन या डॉक्टरने १९७० च्या दशकाच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीमध्ये कॉल घेणाऱ्यांसाठी प्रश्नांची ठरावीक मालिका तयार केली. आज जगातल्या असंख्य नियंत्रण कक्षांत तिच्या किंवा तशाच पद्धतींच्या आधारे काम चालते. ठरावीक प्रश्न यांत्रिक वाटतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ते यांत्रिक आहेतच. पाळीच्या अकराव्या तासाला थकलेल्या माणसाकडूनही पहिल्या तासाइतकेच नेमके काम व्हावे, यासाठीच ते तसे केलेले आहेत.

तरीही एक जागा अशी आहे, की जिथे प्रश्नावली एकटी पुरत नाही. ‘श्वास चालू आहे का?’ या प्रश्नाला नातेवाईक अनेकदा ‘हो’ म्हणतात, कारण रुग्णाला मधूनमधून आचके येत असतात. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटे येणारे हे आचके म्हणजे श्वास नव्हे. छातीवर दाब देणे आणि विजेचा झटका या दोन्हींवाचून गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते, म्हणून हा एक ‘हो’ फार महागात पडतो. अनुभवी कर्मचारी त्यामुळे दुसराच प्रश्न विचारतो: ‘छाती वर-खाली होताना पाहा आणि प्रत्येक वेळी मला आता म्हणा.’ दोन ‘आता’मधले अंतर लांबले, की तो फोनवरूनच छाती दाबायला सांगतो आणि मोठ्याने मोजत राहतो. अमेरिकेतल्या किंग काउंटीमध्ये, म्हणजे सिएटल शहराच्या परिसरात, १९८० च्या दशकात फोनवरून असे मार्गदर्शन करण्याची पद्धत रुजली. तिथे पहिला उपचार गाडी जागची हलण्याआधीच सुरू होतो, आणि तो करणारे हात रुग्णाच्या घरच्याच माणसाचे असतात.

आता गाडीत कोण असावे, या जुन्या वादाकडे वळतो. त्यासाठी इतिहासातले दोन-चार टप्पे पुरेत. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लारे याने १७९० च्या दशकात घोड्यांच्या हलक्या गाड्या लढाई चालू असतानाच रणांगणावर नेल्या. त्याआधी जखमींना लढाई संपेपर्यंत पडून राहावे लागे. हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार क्रम लावण्याचा आग्रहही त्याचाच. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ मध्ये लेटरमन या लष्करी डॉक्टरने उत्तरेकडच्या पोटोमॅक या सैन्यातील रुग्णवाहिका रसद खात्याच्या ताब्यातून काढून वैद्यकीय विभागाच्या हुकमतीखाली आणल्या. लेटरमनचे काम कमी प्रसिद्ध असले, तरी मला ते अधिक महत्त्वाचे वाटते, कारण गाड्या आधीही होत्या; त्या कोणाच्या आज्ञेने हलायच्या, हे त्याने बदलले.

पुढची शंभर वर्षे नागरी सेवेत हा धडा बहुतांशी विसरला गेला. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालात नमूद झाले, की देशातली सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधी करणारे व्यावसायिक चालवतात. माणसाला आडवे नेता येईल असे वाहन त्यांच्याकडेच असे. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा, सुमारे सत्तर किलो वजनाचा डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, गाडीत बसवून हृदयविकाराचा उपचार रुग्णाच्या दारी नेला. १९६७ मध्ये पिट्सबर्ग शहरात फ्रीडम हाउस ही सेवा सुरू झाली. पीटर साफर या डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या, बहुतांशी बेरोजगार असलेल्या तरुणांना असे सखोल प्रशिक्षण मिळाले, की आजच्या पॅरामेडिक, म्हणजे डॉक्टर नसूनही गाडीवर उपचार करणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या, पेशाचा आरंभ तिथे दिसतो. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद पडले. ज्यांनी हा पेशा घडवला त्यांतल्या अनेकांना नव्या व्यवस्थेत स्थान राहिले नाही. पेशाच्या इतिहासात हे प्रकरण फार काळ दुर्लक्षित राहिले, हे नोंदवलेच पाहिजे.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. तुलूझमध्ये लारेंग या डॉक्टरांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये उभ्या राहिलेल्या आणि १९८६ च्या कायद्याने देशभर बंधनकारक झालेल्या ‘सामू’ या तातडीच्या वैद्यकीय मदतीच्या व्यवस्थेत १५ या क्रमांकावर आलेला कॉल प्राथमिक नोंदीनंतर डॉक्टरकडे जातो आणि गंभीर रुग्णाकडे डॉक्टर असलेली गाडी निघते. इंग्लंड-अमेरिकेकडच्या पद्धतीत पॅरामेडिक लेखी कार्यपद्धतीनुसार उपचार करतो आणि रुग्णाला रुग्णालयात पोहोचवतो. ‘डॉक्टर श्रेष्ठ की पॅरामेडिक’ अशी तुलना चवीने केली जाते, पण तिच्यातून फारसे काही हाती लागत नाही. कॅनडातील ओंटारियो प्रांतातल्या सतरा शहरांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की जिथे डिफिब्रिलेटर वेगाने पोहोचवण्याची व्यवस्था आधीच चांगली होती, तिथे श्वासनलिकेत नळी घालणे, शिरेतून औषधे देणे अशा प्रगत उपचारांची जोड देऊनही हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या जगण्याच्या प्रमाणात वाढ झाली नाही. फ्रेंच पद्धतीतली खरोखर घेण्यासारखी गोष्ट माझ्या मते गाडीतला डॉक्टर नव्हे, फोनवरचा डॉक्टर आहे: गाडी न पाठवता सल्ला देण्याचा निर्णय तो अधिकाराने घेऊ शकतो, आणि असा प्रत्येक निर्णय एक गाडी मोकळी ठेवतो.

मोकळी गाडी कुठे उभी करायची, हाही वादाचा विषय आहे. जॅक स्टाउट यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीनुसार गाड्या केंद्रावर न ठेवता, मागच्या नोंदींवरून जिथे कॉलची शक्यता अधिक तिथे तासातासाला हलवल्या जातात. नकाशावर हे सुबक दिसते. गाडीतल्या दोघांसाठी मात्र त्याचा अर्थ संपूर्ण पाळी आसनावर बसून, पाठ अवघडवून, स्वच्छतागृह शोधत काढणे असा होतो. दोन-तीन मिनिटे वाचवण्यासाठी दमलेली माणसे पाठवणे कितपत शहाणपणाचे आहे, याचा हिशेब कोणत्याही संगणकात मांडलेला मी पाहिलेला नाही.

आणि संगणकाला गाड्यांची स्थिती ठाऊक नसेल तर काय होते, हे लंडनने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी अनुभवले. गाड्यांची निवड आपोआप करणारी नवी प्रणाली त्या दिवशी सर्वत्र लागू झाली. गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की नाही, याची माहिती अचूक मिळेल असे ती गृहीत धरत होती, ती मिळेना. एका ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, दुसरीकडे एकही जाईना, त्रासलेले लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले आणि त्या फोनांमुळे प्रणाली आणखी मंदावली. काही दिवसांतच कागदावर परतावे लागले. ‘मोकळे आहोत’ हा एक साधा संदेश सेवेचा किती मोठा भार पेलतो, ते त्यावरून दिसते.

एक गाडी केंद्रावर उभी आहे आणि दुसरी रुग्णालयाच्या दारात. दोन्हींची चाके थांबलेली आहेत, पण दुसरीतला रुग्ण खाट नसल्यामुळे अजून स्ट्रेचरवरच आहे. केंद्रावरची गाडी पुढच्या कॉलला लगेच निघू शकते. दारातली गाडी कर्मचारी व उपकरणांसह अडकून पडली आहे. इंग्लंडमध्ये रुग्ण सोपवण्यासाठी पंधरा मिनिटांचे उद्दिष्ट आहे आणि ते वारंवार मोडते. आपत्कालीन विभाग भरलेला असतो, कारण वरचे वॉर्ड भरलेले असतात. वॉर्ड भरलेले असतात, कारण बरे झालेल्यांना घरी पाठवण्याची सोय अपुरी असते. त्यामुळे रुग्णवाहिका उशिरा येण्याचे कारण पुष्कळदा रुग्णवाहिका सेवेच्या बाहेर, डिस्चार्जच्या कागदांत सापडते. अशा वेळी नव्या गाड्या घेतल्या तर दारातली रांगच लांबते.

या कामात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी थोडे बोलतो. दिवसातले बहुतेक कॉल अपघाताचे नसतात. घरात पडलेले वृद्ध, ताप, दम, झटके, नशा, मानसिक अस्वस्थता आणि कधीकधी निव्वळ एकटेपण, हे नेहमीचे काम आहे. ताकद उचलण्यात जाते. कमरेचे दुखणे हा या पेशाचा सर्वत्र आढळणारा आजार आहे. निर्णयांचे स्वरूपही परस्परविरोधी असते: पोटात रक्तस्राव होत असलेल्या जखमीला जागेवर रेंगाळत ठेवणे घातक, तर हृदय बंद पडलेल्याला घाईने गाडीत घालणे बहुधा घातक, कारण धावत्या गाडीत छातीवर नीट दाब देता येत नाही. रुग्ण गेल्यावर घरच्यांना तसे स्पष्ट शब्दांत सांगण्याचे कामही तुमच्याकडेच येते, आणि त्याचे प्रशिक्षण आजही अपुरे आहे.

याहून अधिक खुपते ते रुग्णाचे पुढे काय झाले हे न कळणे. दार बंद होते, पुढचा कॉल येतो, आणि घेतलेला निर्णय बरोबर होता की नाही हे कायमचे अज्ञात राहते. नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात १९९० मध्ये तज्ज्ञ जमले आणि रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रुग्णांची नोंद जगभर एकाच नमुन्यात कशी ठेवावी, हे त्यांनी ठरवले. तो नमुना रुग्ण घरी जिवंत परतला का, या प्रश्नापर्यंत जातो; त्यामुळे एका शहराची दुसऱ्याशी तुलना शक्य झाली. इतर आजारांसाठीही हे करता येते आणि त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. रुग्णवाहिकेचा प्रकरण क्रमांक रुग्णालयाच्या केसपेपरवर उतरवला आणि महिन्यातून एकदा दोन्हीकडच्या नोंदी जुळवून त्या गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना कळवल्या, तरी पुष्कळ काम होते. सभागृहात रुग्णालयांची जी मंडळी बसली आहेत, त्यांच्याशी मला याच विषयावर बोलायचे आहे. प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू.