आधी वर्दी द्या
(निवेदन. चौकटी कंसात फक्त दृश्यांच्या खुणा आहेत, वाचायच्या नाहीत.)

[सोसायटीचं गेट. सकाळ. ड्युटी बदलतेय.]

सकाळचे आठ. ठाण्यात घोडबंदर रोडवरची ही एक सोसायटी. आज इथे गार्ड लोकांची आगीची ड्रिल, म्हणजे सराव, आहे. रात्रीचा गार्ड सुटतोय, दिवसाचा लागतोय. दोघांच्या हातांकडे बघा. चाव्यांचा जुडगा. टॉर्च. वॉकीटॉकी, बटण दाबून खरखर ऐकून घेतलेली. मग वही. वेळ, नाव, 'सर्व ठीक', सही.

[पॅनेलचा क्लोजअप.]

ही वही ज्या टेबलावर आहे, त्याच्या मागच्या भिंतीवर फायर अलार्मचं पॅनेल आहे. त्यावर एक पिवळा दिवा लुकलुकतोय. लाल म्हणजे आग. पिवळा म्हणजे बिघाड, कुठल्यातरी मजल्यावरच्या, धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरची लाइन तुटलीय. हा दिवा कधीपासून लागलाय? गार्ड म्हणतो, "मी दिवाळीच्या आधी इथे लागलो, तेव्हापासून बघतोय."

वहीत मात्र सर्व ठीक. त्याचा दोष नाही. पिवळा दिवा दिसला तर कुठे लिहायचं, कुणाला सांगायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्याला सांगितलंय ते एवढंच की डिलिव्हरीवाल्याची एंट्री चुकता कामा नये.

[तळघर. पंप रूम. दार उघडतं, ट्यूबलाइट लागते.]

चला, खाली जाऊ. इमारतीतल्या आगीचं अर्धं भवितव्य या खोलीत ठरतं आणि इथे बहुतेक रहिवासी आयुष्यात पाऊल टाकत नाहीत.

हा लहान, तो जॉकी पंप. वरपर्यंत गेलेल्या पाइपात पाण्याचा दाब कायम राखणं हे त्याचं काम. वर कुणी हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाचा, व्हॉल्व्ह उघडला की दाब झपकन उतरतो आणि शेजारचा मोठा पंप आपसूक चालू होतो. वीज गेली असेल तर डिझेलवरचा. माणसाची गरज नाही. फक्त एक अट आहे. पॅनेलवरचा हा काळा खटका 'ऑटो'वर हवा.

कितीतरी इमारतींत तो 'मॅन्युअल'वर सापडतो. कारण साधं असतं. पाइपाला कुठेतरी गळती असते, त्यामुळे पंप रात्री-अपरात्री सुरू होतो, तळमजल्यावरून तक्रार येते, विजेच्या बिलावरून मीटिंगमध्ये आवाज चढतात. मग एक दिवस कुणीतरी खटका फिरवतं. गळती काढायची राहून जाते.

आम्ही आलो त्या दिवशी खटका ऑटोवर होता. ड्रिल आहे हे सगळ्यांना आठवडाभर आधी माहीत होतं, हेही सांगून ठेवतो.

[दाबाच्या घड्याळावर लाल रंगाची रेघ.]

गार्डला पंपाचं इंजिनिअरिंग कळायची गरज नाही. ड्रिल घेणाऱ्या साहेबांनी पाण्याचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काचेवर ऑइल पेंटनं एक लाल रेघ मारून दिली. काटा रेघेच्या खाली दिसला, तर वहीत लिहायचं आणि सुपरवायझरला सांगायचं. पाळीत दोन वेळा. बस.

[जुनी छायाचित्रं. मुंबई बंदर, धुराचे लोट.]

ही ड्रिल एप्रिलमध्ये का? १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो आणि त्याचं मूळ मुंबईतच आहे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गासड्या आणि त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं. महायुद्धाचे दिवस होते, जागा मिळेल तिथे माल भरला जात होता. दुपारी धूर दिसला. बंब आले, होज लागले, जवान जहाजावर चढले. पाणी चालूच होतं आणि चार वाजून गेल्यावर जहाज फुटलं. थोड्या वेळानं दुसरा स्फोट. गोदी, आसपासची गोदामं, वस्त्या, सगळं पेटलं. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले.

ते प्रशिक्षित होते, आग विझवणं ही त्यांची नोकरी होती. आता या चित्रातून आपण ज्याच्याकडे येतोय, त्याची नोकरी गेट सांभाळणं ही आहे.

[पार्किंग. गार्ड एका रांगेत. समोर प्रशिक्षक.]

अग्निशमन दलातून निवृत्त झालेले अधिकारी. शिट्टी गळ्यात, आवाज परेड ग्राउंडचा. पहिला प्रश्न : "सातव्या मजल्यावर धूर. तू गेटवर आहेस. काय करणार?"

पहिला गार्ड : "साहेब, वर जाऊन बघणार."

दुसरा : "सेक्रेटरी साहब को फोन करेंगे."

तिसरी, बी विंगच्या मावशी, गप्प. मग हळूच : "हूटर?"

साहेब पहिल्या दोघांना म्हणतात, "दोघंही नापास." आणि मावशींना पुढे बोलावतात.

"वर जाऊन बघ काय झालंय ते." गार्डला मिळणारी ही सगळ्यात पहिली ऑर्डर असते आणि आमच्या मते सगळ्यात धोक्याची. २२ ऑक्टोबर २०२१ला करी रोडच्या एका टॉवरमध्ये १९व्या मजल्यावर आग लागली, तेव्हा वर गेलेला सुरक्षारक्षक तिथेच अडकला आणि गॅलरीतून खाली पडून मेला. तिशीतला होता.

[टेबलावर चिकटपट्टीनं लावलेलं कार्ड.]

मग पहिलं काम कोणतं? वर्दी, म्हणजे अग्निशमन दलाला आगीची खबर. १०१ला फोन. तो लागत नसेल तर ११२. आणि वर्दी देताना काय बोलायचं, ते या कार्डावर मोठ्या अक्षरांत आहे. सोसायटीचं नाव, रस्ता, जवळची खूण. कितवा मजला. काय जळतंय. कुणी अडकलंय का. समोरचा 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

पत्ता लिहून ठेवण्यात काय विशेष, असं वाटेल. साहेबांनी एका गार्डला हात कार्डावर ठेवून, म्हणजे कार्ड झाकून, पत्ता सांगायला लावला. पोरगा नांदेडकडचा, दोन महिन्यांपूर्वी लागलेला. त्यानं बिल्डरनं कमानीवर कोरलेलं इंग्रजी नाव बरोबर सांगितलं. रस्त्याचं नाव सांगता येईना. जवळची खूण म्हणून म्हणाला, "वडापाववाला." रांगेत हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "रात्री अडीचला वडापाववाला असतो का रे?" आता कार्डावर पेट्रोल पंप आहे.

[हूटर. लोक जिन्यावरून उतरताहेत. गेट उघडतं.]

वर्दी गेली की हूटर. ही लाल पेटी, काच दाबली की अलार्म. मग लिफ्ट तळमजल्यावर आणून उभ्या करायच्या. एक जण गेटवर, दोन्ही फाटकं सताड उघडी. एक जण मुख्य रस्त्याच्या तोंडाशी, बंबाला वळण दाखवायला. बंब येण्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या गाड्या हलवायच्या. आजच्या ड्रिलमध्ये इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण एका गाडीचे मालक ऑफिसात होते आणि चावी त्यांच्या खिशात.

गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे गार्डला डोळे मिटून माहीत हवं. विंगचा मेन स्विच पाडायचा. पण फायर पंपाची लाइन वेगळी असते, तिला हात लावायचा नाही. गच्चीची आणि रेफ्यूज एरियाची, म्हणजे आगीत रहिवाशांनी थांबायच्या मोकळ्या जागेची, चावी बंबवाल्यांच्या हातात द्यायची. या सोसायटीत रेफ्यूज एरियाला कुलूप नाही. आत कुणाचा तरी जुना सोफा आहे.

[पत्र्याच्या ट्रेमध्ये पेटवलेली आग. सिलिंडर.]

आता विझवण्याकडे. विझवायचं कधी? आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल आणि वर्दी देऊन झाली असेल तेव्हा. हे सहा किलोचं पावडरचं सिलिंडर दाबून धरलं तर १५ ते २० सेकंदांत रिकामं होतं. तेवढ्यात विझली नाही, तर मागे फिरायचं.

भिंतीवर हे सिलिंडर रोज दिसतं. ते हातात घ्यायची बहुतेकांची आज पहिलीच वेळ. हा तरुण लिव्हर दाबतोय, दाबतोय, काही होत नाही. पिन तशीच आहे. पिनला प्लास्टिकचं सील. बोटानं तुटत नाही, अंगठा पांढरा पडलाय, शेवटी तो पिन पिळतो, सील तुटतं, पिन निघते आणि पहिला फवारा आगीच्या वरून हवेत जातो. "बुडाला मार, बुडाला!" साहेब ओरडतात. दुसऱ्या फवाऱ्यात, नळी डावी-उजवीकडे हलवत, ट्रे विझतो.

मावशींना विजेच्या पॅनेलजवळचं सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचं, सिलिंडर दिलं. ते चालवताना नळीच्या तोंडाच्या काळ्या भोंग्याला हात लावायचा नाही, वर दांडी असते ती धरायची. भोंगा इतका थंड होतो की कातडी भाजल्यासारखी निघते. त्यांनी पदर खोचला, दांडी धरली आणि एका दमात काम केलं.

[ऑफिस. फाइल. प्रमाणपत्रं.]

कायद्यात हे सगळं आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या नमुना नियमांत गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण ठरवून दिलंय. विषयांत आग विझवणं आहे, प्रथमोपचार आहे, आपत्ती व्यवस्थापन आहे. पोलीस आणि लष्करातल्या हुद्द्यांचे बिल्ले ओळखणंसुद्धा आहे. महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी, १९८१ चा सुरक्षारक्षकांचा कायदा आणि त्याखालची मंडळं आहेत. इमारतींसाठी राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं.

या फाइलमध्ये जानेवारीचं प्रमाणपत्र आहे. शिक्क्यासकट. पिवळा दिवा तेव्हाही लागलेलाच असणार.

गार्ड लोकांच्या प्रशिक्षणाचे दाखलेही आहेत, सगळ्यांचे. १६० तासांचे. सिलिंडरची पिन तुम्ही आत्ता बघितलीत.

[पाण्याची टाकी, झाकण. लिफ्टचा खड्डा.]

आग सोडून इतर कामंही याच माणसाच्या गळ्यात येतात. "टाकीत उतरून बघ जरा." "लिफ्टच्या खड्ड्यात चावी पडलीय, काढ." बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि आत कोसळलेल्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. लिफ्ट मध्येच अडकली, तर दार ताणून उघडायचं नाही, आतल्यांशी बोलत राहायचं आणि लिफ्ट कंपनीच्या माणसाची वाट बघायची. पावसाळ्यात गेटच्या लोखंडी खांबाला करंट उतरतो, तेव्हा सगळ्यात आधी तो ज्याच्या हाताला लागतो, तो हाच. ही कामं गार्डची नाहीत, असं करारातच लिहा. बारा तासांच्या ड्युटीनंतर रिलीव्हर आला नाही म्हणून डबल करणारा माणूस नाही म्हणू शकत नाही.

[पार्किंग. रहिवासी पांगताहेत.]

ड्रिल संपली. खाली उतरलेल्यांत आजी-आजोबा आणि शाळकरी पोरं जास्त. बाकीच्यांनी गॅलरीतून व्हिडिओ काढले. पाचव्या मजल्यावरच्या एका काकांनी वरूनच विचारलं, "लिफ्ट कधी चालू करताय?"

[टेबल. जुना कागद काढला जातो, नवा लावला जातो.]

गार्डच्या टेबलावर काचेखाली एक कागद होता : 'आणीबाणीत संपर्क'. एक, सेक्रेटरी. दोन, चेअरमन. तीन, एजन्सीचा सुपरवायझर. चार, १०१. तो निघाला. नव्या कागदावर १०१ पहिला आहे आणि सेक्रेटरी चौथे. सेक्रेटरींनी हसून मान्य केलं. साहेब मात्र हलेनात. म्हणाले, "उद्या कुणाच्या घरी फोडणी करपली, यानं बंब बोलावला, तर तुम्ही याला कामावरून काढणार. म्हणून हा पुन्हा आधी तुम्हालाच फोन करणार."

मग पेन निघालं. कागदाच्या तळाशी एक ओळ वाढली : 'वर्दी चुकीची निघाली तरी गार्डकडून खुलासा मागितला जाणार नाही.' खाली सेक्रेटरींची सही झाली. चेअरमन गावी गेलेत, त्यांची बाकी आहे. रात्रपाळीची ड्रिलही.